बहात्तरावा वाटा

आंदर मावळात सरकारी माणूस सहसा फिरकत नसे. तळेगावच्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढे पायांना कामाला लावायचं, एवढीच तिकडची वाहतूक. त्यामुळे पंचेचाळीस सालच्या पौषात बूट घातलेला एक कारकून पाथरवाडीच्या चढणीला दिसला तेव्हा वाडीतली कुत्रीसुद्धा भुंकायला विसरली. वाडी ठाकरांची, गवताने शाकारलेल्या पंधरा-सोळा झापांची. पुरुष गवत कापायला गेलेले. दारात होती एकटी चिमाबाई. तिने त्याला घोंगडी टाकून दिली, गुळाचा कोरा चहा दिला, आणि तो जे विचारील त्याला खरं उत्तर द्यायचं असं मनाशी ठरवून समोर बसली. सगळा घोटाळा त्या खरेपणातून झाला.

लढाईचे दिवस होते. धान्याची टंचाई, म्हणून सरकारने ठरवलं होतं की मुलखात कुठल्या नदीत, कुठल्या तळ्यात किती मासळी निघते त्याचा आकडा काढायचा. कारकुनाने कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, "बाई, तुमच्या वाडीत वर्षाला ताजी मासळी किती निघते?"

चिमाबाईला हसू फुटलं. कुसूरच्या घाटाने कोकणातल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन वर येत. त्या पाट्यांत बोंबील असत, सुकट असे, सोडे असत. वाडीच्या बोलीत मासळी म्हणजे ती सुकी. नदीत पोहतो तो मासा. मासा वेगळा, मासळी वेगळी, हे वाडीतल्या रांगत्या पोरालाही ठाऊक. आणि हा शिकला-सवरलेला बाबा ताजी मासळी मागतो आहे. वाळल्याशिवाय मासळी होईल कशी? पण पाहुण्याला हसू नये म्हणून तिने पदर तोंडाला लावला.

"मासळी हितं न्हाई निघत, दादा," ती म्हणाली. "ती खाली कोकणात. आमी पायलीभर नाचणी देतो आन् पाटीवालीकडनं घेतो."

"म्हणजे इथे काहीच नाही?"

"न्हाई. येक बोंबील न्हाई."

कारकुनाने लिहिलं : आंद्रा नदी, पाथरवाडीचा डोह, वार्षिक उत्पन्न निरंक. चहा छान झाला होता म्हणाला आणि उतरणीला लागला.

चैत्रात खालच्या गावचे पाटील, महिपती पाटील, स्वतः वाडीवर आले. पाटील भल्या मनाचा, शेतीवाडीचा माणूस. वाडीची माणसं त्यांच्या भातलावणीला जात आणि ते वाडीच्या अडीनडीला उभे राहत. आज मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. डोह ठेक्याने जाणार, त्यांनी सांगितलं. तळेगावचा दत्तोबा म्हणून एक ठेकेदार आहे, लोणावळ्याच्या बंगल्यांना आणि लष्कराच्या छावणीला मासे पुरवतो. त्याने अर्ज केला आणि सरकारने कागद काढून पाहिले तर डोहात वाडीचं काहीच उत्पन्न नाही. मग द्यायला हरकत कसली? वैशाखात मासळीखात्याचे साहेब येतील आणि डोह ताब्यात देतील. पुढे वाडीच्या माणसाने तिथे गळ टाकला तरी तो गुन्हा.

"आन् त्यो धरणार कसा?" जाळ्यांचा म्होरक्या कान्हू याने विचारलं.

"सुरुंगाची दारू टाकून," पाटील म्हणाले. "त्याची तीच रीत आहे. पवनेवर त्याने दोन डोह असेच मोकळे केले."

मग पाटलांनी तो कारकून कुणाशी बोलला ते विचारलं, आणि सगळ्यांच्या माना चिमाबाईकडे वळल्या. त्याने काय विचारलं, आपण काय सांगितलं, ते तिने जसंच्या तसं सांगितलं. कुणी तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. कान्हू नुसता उठून जाळं विणायला गेला, आणि तिची सून गंगी चुलीपुढे उगाच फुंकत बसली, चूल तर पेटलेली होती. चिमाबाईला वाटलं, धरणी दुभंगावी. चाळीस वर्षं ती ह्या वाडीची वाटेकरीण, धरलेल्या माशांचे वाटे लावणारी. डोहातला प्रत्येक मासा तिच्या हाताखालून घरोघर गेला. आणि आपल्याच जिभेने आपण सांगून बसलो की इथे काही नाही.

तिसऱ्या दिवशी ती एकटी खालच्या गावात गेली आणि पाटलांच्या ओसरीसमोर उभी राहिली. तिचं मागणं एवढंच होतं : साहेब ज्या दिवशी डोह द्यायला येतील, त्याच दिवशी मासे धरून आमची सालाची वाटणी करायची. त्यांनी ती डोळ्यांनी बघावी. मग त्यांना जे लिहायचं ते लिहू दे. पाटलांनी तसा अर्ज लिहिला, आणि उत्तर आलं, येतो.

साहेबांचं आडनाव तांडेल. अलिबागकडचे कोळी, बाप-आजे दर्यावर गेलेले, हे स्वतः शिकून खात्यात आले होते. माणूस काळासावळा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. दत्तोबा त्यांच्यासोबत छत्री घेऊन आला होता. त्याने नदीकाठच्या जांभळाखाली बसकण मारली आणि सांगितलं की ह्या लोकांचा तमाशा उरकला की आपण सह्या करून मोकळे होऊ. तांडेल साहेब पाण्याकडे बघत होते.

वैशाखात आंद्रा आटते. धार तुटते आणि जागोजाग डोह उरतात. त्यांतला हा सर्वांत खोल. कान्हू आणि सात-आठ गडी खालच्या अंगाला लांब जाळं आडवं धरून छातीइतक्या पाण्यात उभे राहिले. वरच्या अंगाने बाया-पोरांची रांग पाण्यात उतरली, हातातल्या काठ्यांनी पाणी बडवत, पायांनी चिखल ढवळत, हळूहळू पुढे. डुकराचा हाका घालतात तसा हा माशांचा हाका. कुणी ओरडत नव्हतं. ज्याचं त्याचं काम ज्याला त्याला ठाऊक होतं. म्हाताऱ्या बाया कडेच्या कपारींत हात घालून वाम ओढून काढत होत्या. वाम हाताला साबणासारखी निसटते, पण त्यांच्या बोटांतून एक सुटली नाही. दिवस कासराभर वर आला तेव्हा जाळं काठाला लागलं. मरळ, शिवडे, वामी, मूठमूठभर झिंगे. काठावर नुसती तडफड चालली होती.

तांडेल साहेब उठून जवळ आले. त्यांनी एक मरळ उचलली, कल्ले उघडून पाहिले, आणि परत ठेवली. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

आता चिमाबाईचं काम सुरू झालं. तिने पळसाची पानं मांडली, ओळीने, आणि एकेका पानावर मासा ठेवत गेली. मोठा इथे, त्याच्या बदली तिथे दोन लहान. इथे वाम, तर तिथे शिवड्याचा तुकडा आणि वर चिमूटभर झिंगे. काटा नाही, तागडी नाही. नुसती नजर आणि हात. माणशी एक वाटा. तान्हं असलं तरी त्याचा अख्खा. पानावर ठेवण्याआधी काही मासे ती उचलून पाहायची, पोटावरून अंगठा फिरवायची आणि गंगीकडे द्यायची. गंगी ते घेऊन झुडपाआड जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. दत्तोबाने ते पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसला.

वाटे लागले. तांडेल साहेबांनी पिशवीतून ताणकाटा काढला आणि मधलेच पाच वाटे उचलून तोलले. पहिला दीड शेर. दुसरा दीड शेराला छटाकभर कमी. तिसरा दीड शेर, चौथा दीड शेर, पाचवा छटाकभर जास्त. त्यांनी काटा उलटसुलट करून पाहिला, बिघडला तर नाही ना म्हणून. मग आणखी दोन तोलले. तेही तसेच.

"किती वर्षं करता हे?" त्यांनी विचारलं.

"लगीन होऊन आले तवापासनं बघती. चाळीस सालं माज्या हातानं," चिमाबाई म्हणाली.

वाडीच्या लोकांचा जीव थोडा भांड्यात पडला. पण दत्तोबा तयारीचा गडी होता. त्याने छत्री मिटली आणि बोलायला उभा राहिला. आज साहेब येणार म्हणून ह्यांनी डोह खरवडला, तो म्हणाला. एक दिवस कुणीही मासे धरील. सरकारला वर्षाचं उत्पन्न पाहिजे, आणि तेही सालोसाल निघतं असं पाहिजे. त्याला पुरावा काय? ह्यांच्याच बाईने सांगितलंय निरंक. बोलणं कायद्याचं होतं आणि ते तांडेल साहेबांनाही कळत होतं. त्यांनी चिमाबाईला विचारलं, मागच्या सालांचं काही लिहिलेलं आहे का?

लिहिलेलं कुठून असणार. वाडीत एकाला अक्षर येत नव्हतं. चिमाबाई खाली बसली आणि वाळूवर हात ठेवून सांगायला लागली.

"लोनावळ्यावरनं पुन्याला इजंची गाडी सुरू झाली, त्या साली चौपन्न वाटं. फुडल्या साली तीन जलमली, येक म्हातारा गेला, येक सून आली. सत्तावन. त्याच्या फुडं दोन पोरी नांदाया गेल्या, येक जलमलं. छप्पन."

ती अशी साल-साल पुढे सरकत गेली. पटकीच्या साथीचं साल आलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला. त्या साली पाच वाटे कमी लावले, त्यांतला एक तिच्या नवऱ्याचा, गोविंदाचा. पण ती थांबली नाही.

दत्तोबा म्हणाला, आकडे काय, मीही फेकीन. तेव्हा महिपती पाटील उठले. गावच्या जन्ममृत्यूचं बुक पाटलाकडे असतं, ते त्यांच्या घरी होतं. ते स्वतः शेतं तुडवत गेले आणि घामाघूम होऊन परत आले, बगलेत बुक. मग पुन्हा पहिल्यापासून. चिमाबाईने साल सांगायचं, किती जन्मले, किती गेले ते सांगायचं. पाटलांनी पानावर बोट ठेवून बघायचं. तीन जन्म, एक मृत्यू. बरोबर. एक जन्म. बरोबर. पटकीचे पाच. बरोबर. दुपार डोक्यावर आली तरी जांभळाखालून कुणी हललं नाही. आपल्या घरातली जन्मली-मेली माणसं अशी एकेक करून नदीकाठी येऊन बसताहेत असं वाडीला वाटत होतं, आणि सरकारचं बुक मान डोलावत होतं.

एकोणीसशे चाळीस सालावर पाटलांचं बोट अडकलं. चिमाबाई म्हणाली, तीन जन्मली. बुकात दोनच होती.

दत्तोबाने मांडीवर थाप मारली. तांडेल साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. चिमाबाई पाटलांकडे बघत होती.

"झुंबरबाईचं येक व्हतं, आबा," ती म्हणाली. "आठ दिसांचं. वाटणीच्या दिशी जितं व्हतं. त्याचा वाटा लावला, त्याच्या आयनं उचलला. मंग नवव्या दिशी गेलं."

पाटलांनी बुक मिटलं. मान खाली घातली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई खरं सांगते. जन्मही माझ्याकडून लिहायचा राहिला आणि मरणही. बुक चुकलं, साहेब. ती नाही चुकली."

कडेला बसलेल्या झुंबरबाईने डोळ्याला पदर लावला. पाच वर्षांनी तिच्या लेकराचं नाव कुठेतरी निघालं होतं. तांडेल साहेबांनी पेन्सिल उचलली आणि पुढचे सगळे आकडे एकदाही न अडवता लिहून घेतले.

"आन् औंदा बहात्तर," चिमाबाईने संपवलं.

आता कान्हूच्याही चेहऱ्यावर रंग चढला होता. पण दत्तोबा काहीतरी मोजत होता, आधी पानं, मग माणसं. त्याने पुन्हा एकदा मोजलं आणि मग अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, पानं आहेत एकाहत्तर. वाडीची माणसं, तान्ही धरून, एकाहत्तर. बाई म्हणते बहात्तर. पाटलांना विचारा, मागच्या साली माणसं किती होती."

पाटलांनी बोटांवर हिशेब केला, नाइलाजाने. मागच्या साली माणसं अडुसष्ट. चिमाबाईने वाटे सांगितले होते एकोणसत्तर. त्याच्या मागच्या सालीही एक जास्त. दर साली एक जास्त.

"हा एक दरसाल जातो कुठे?" दत्तोबा म्हणाला. "मगाशी ती पोरगी मासे घेऊन झुडपाआड जात होती, मी बघितलं. चांगले मोठे मोठे. वाटेकरणीचा दोन ठिकाणी वाटा दिसतोय. आणि जिच्या मापात खोट, तिच्या आकड्यावर सरकार विश्वास ठेवणार?"

गंगीचा चेहरा लाल झाला, ती काही बोलायला पुढे झाली, पण चिमाबाईने हाताने थांबवलं. तिला राग आला होता, चांगलाच. चाळीस वर्षांत तिच्या मापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण ती राग गिळून उठली, पदर खोचला आणि तांडेल साहेबांना म्हणाली, या माझ्या मागं.

झुडपाआड नदीच्या अंगाला वाळूत एक खड्डा उकरलेला होता, गुडघाभर, पाण्याने भरलेला. वरून ओल्या लव्हाळ्याची सावली केलेली. चिमाबाईने लव्हाळं बाजूला केलं. खड्ड्यात अकरा मासे होते, सगळ्या हाक्यातले सर्वांत थोराड. कल्ले संथ हलत होते. पोटं टम्म फुगलेली.

तांडेल साहेब वाकले. कोळ्याच्या पोराला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. "गाभोळीचे आहेत सगळे, अंड्यांवर आलेले," ते म्हणाले.

"व्हय. ह्यो डोहाचा वाटा." चिमाबाईने वाकून दोन्ही हातांनी एक शिवडा पाण्यातून उचलला, बाळंतिणीला उठवतात तसा, पोटाखाली आधार देऊन. "समद्यांचा वाटा लागतो, मंग त्याचा का न्हाई? माजी सासू म्हनायची, पैला त्याचा काडायचा, मंग आपला. बहात्तरावा खाल्ला न्हाई, सायेब. पेरला."

तिने हात नदीच्या पाण्यात बुडवले आणि उघडले. शिवडा क्षणभर तिच्या तळहातावर तसाच राहिला, मग शेपटीचा एक फटका देऊन खोल पाण्यात गेला. तिने दुसरा उचलला. तांडेल साहेबांनी बूट काढले, विजार वर दुमडली आणि तिसरा त्यांनी उचलला. त्यांचाही हात तसाच पोटाखाली गेला, कुणी न शिकवता. एकेक करून अकराच्या अकरा सुटले. दत्तोबा ताणकाटा घेऊन आला होता, हेही तोला म्हणायला. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो काटा तसाच घेऊन मागे गेला.

मग जांभळाखाली बसून साहेबांनी नवा कागद काढला. बराच वेळ लिहिलं. एका ठिकाणी थांबले. छापील कागदात धरलेल्या माशांना रकाना होता, विकलेल्यांना होता, वाळवलेल्यांना होता. सोडलेल्यांना नव्हता. त्यांनी पट्टी घेतली आणि उजव्या कडेला शाईची एक सरळ रेघ ओढून रकाना पाडला. त्याच्या माथ्यावर लिहिलं : पेरणी.

"अंगठा करा," ते म्हणाले, "वाटेकरीण म्हणून."

"आदी वाचा, सायेब," चिमाबाई म्हणाली. "मोठ्यानं. ह्या समद्यास्नी ऐकू द्या. मागल्या टायमाला काय लिवलं ते मी इचारलंच न्हाई."

तांडेल साहेब उभे राहिले. अंगावर ओली विजार, पाय वाळूने भरलेले, पण आवाज असा लावला की पलीकडच्या काठावरच्या गुराख्यालाही ऐकू जावं. "आंद्रा नदी, पाथरवाडीचा डोह. एका वाटणीचं उत्पन्न, ताजं, दोन मण सव्वीस शेर. सोळा सालांची वहिवाट गावच्या बुकाशी ताडून खरी ठरली. खाणारी माणसं एकाहत्तर, सगळ्यांना सारखं. पेरणी, अकरा मासे. डोह वाडीच्या वहिवाटीत आहे, ठेक्याने देता येत नाही."

वाडीला त्यातलं अर्धं कळलं. शेवटचं सगळ्यांना कळलं. कान्हूने डोक्याचं मुंडासं काढलं आणि त्यानेच तोंड पुसलं, घाम पुसतोय असं दाखवत. गंगी हसत होती आणि रडतही होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

चिमाबाईने अंगठा शाईत बुडवून कागदावर ठेवला. ठसा फिसकटला, बोट ओलं होतं, माशांच्या चिकटीने माखलेलं. साहेब म्हणाले, चालेल. ती म्हणाली, न्हाई चालायचं. तिने लुगड्याच्या कोरड्या टोकाला अंगठा घासून घासून पुसला, पुन्हा शाईत बुडवला आणि सगळा भार देऊन दाबला. मग हात उचलून नीट पाहिलं. एकूण एक रेघ उमटली होती.